नोकरीच अडवली तर हप्ता भरायचा कशातून?

प्रति,
अध्यक्ष, भारतीय स्टेट बँक
संचालक, इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग पर्सोनेल सिलेक्शन (आयबीपीएस)
सचिव, वित्तीय सेवा विभाग, भारत सरकार

महोदय,

बँक भरतीची जाहिरात आली की आमच्या अभ्यासिकेत आधी महाराष्ट्राच्या वाट्याच्या जागा मोजल्या जातात, मग वयाची अट, मग गेल्या वर्षीचा कट-ऑफ. मधल्या पानांत दडलेलं पतइतिहासाचं कलम कुणी वाचत नाही. ते वाचायची वेळ येते ती निकाल लागल्यावर, म्हणजे प्रिलिम्स, मेन्स, मराठीची भाषा चाचणी हे सगळं पार पडून प्रोव्हिजनल अलॉटमेंट (कुठल्या बँकेत जागा मिळाली याचं तात्पुरतं पत्र) हातात आल्यावर. हे पत्र त्या कलमाबद्दल आहे.

मी अंबाजोगाईत बँकेच्या परीक्षा देणाऱ्या मुलामुलींना गणित आणि रिझनिंग शिकवतो. माझ्या वर्गात इंजिनिअर असतात, बी.फार्म. झालेले असतात, बी.एस्सी. अ‍ॅग्री असतात. ज्या शिक्षणासाठी कर्ज काढलं त्या शिक्षणानं नोकरी दिली नाही, म्हणून ते माझ्यासमोर येऊन बसलेले असतात. यातल्या बऱ्याच जणांच्या नावावर शैक्षणिक कर्ज आहे आणि ते आपल्यापैकीच कुठल्या तरी सार्वजनिक बँकेनं दिलेलं आहे.

कलम काय म्हणतं ते इतर वाचकांसाठी सांगतो. आपल्याला ते पाठ असणार. स्टेट बँकेच्या जाहिरातींचा आशय असा: कर्जाच्या किंवा क्रेडिट कार्डाच्या परतफेडीत कसूर झाल्याची नोंद असेल, अथवा सिबिल (कर्जफेडीच्या नोंदी ठेवून त्यावर गुण, म्हणजे स्कोअर, देणारी संस्था) किंवा तशाच संस्थेचा प्रतिकूल अहवाल असेल, तर उमेदवार अपात्र. स्टेट बँक सोडून इतर सार्वजनिक बँकांची भरती करणाऱ्या आयबीपीएसनं २०२३ च्या लिपिक भरतीत रुजू होताना किमान ६५० सिबिल स्कोअर हवा असं घातलं होतं. नंतर तो आकडा गेला, पण पतइतिहास चांगला हवा ही अट राहिली आणि किमान स्कोअर किती हे ज्या त्या बँकेच्या धोरणावर सोडलं गेलं. ज्याची नोंद खराब आहे त्यानं रुजू होण्याआधी ती दुरुस्त करून आणावी, किंवा कर्ज देणाऱ्या बँकेकडून थकबाकी नसल्याचं पत्र आणावं. ते जमलं नाही तर ऑफर लेटर रद्द होऊ शकतं.

घेतलेलं कर्ज फेडायला हवं, यावर माझा आपल्याशी काडीचाही वाद नाही. कर्जमाफी मागायला मी आलेलो नाही. मला विचारायचं आहे ते वसुलीबद्दल. बँक म्हणून आपल्याला ते पैसे परत हवे आहेत की नको आहेत?

बँकेच्या परीक्षेत सरळ आणि चक्रवाढ व्याजाची गणितं हमखास असतात, तेव्हा एक गणित मांडतो. एका मुलीनं चार वर्षांच्या पदवीसाठी दरवर्षी एक लाख याप्रमाणे चार लाख उचलले. व्याज १० टक्के. शिक्षणाची चार वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नाही, पण सरळ व्याज चालू. पहिल्या लाखावर पाच वर्षांचं, दुसऱ्यावर चार, मग तीन, मग दोन. असं १ लाख ४० हजार व्याज साचतं आणि हप्ता सुरू व्हायच्या दिवशी ती ५ लाख ४० हजारांची देणेकरी असते. पंधरा वर्षांत फेडायचं तर महिन्याला सुमारे ५,८०० रुपये. (कमी उत्पन्न गटासाठी या काळातलं व्याज सरकार भरतं, हे मला ठाऊक आहे. पण त्यासाठी कॉलेज किंवा अभ्यासक्रम नॅक अथवा एनबीए मानांकित लागतो, आणि आमच्याकडची मुलं जिथं प्रवेश मिळाला तिथं शिकतात.)

आता दुसरी बाजू. शिक्षण संपून वर्ष झालं, नोकरी नाही. हप्ता सुरू झाला, तीन महिने भरला गेला नाही. ९० दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे थकीत. सिबिल कोसळलं. मुलगी अभ्यासिकेत बसून रोज दहा-दहा तास अभ्यास करते आणि तिसऱ्या खेपेला लिपिकाची परीक्षा पास होते. लिपिक म्हणजे ज्याला आता आपण कस्टमर सर्व्हिस असोसिएट म्हणता ते पद. सुरुवातीचा मूळ पगार २४,०५० रुपये, महागाई भत्ता आणि घरभाडं वेगळं. म्हणजे ५,८०० चा हप्ता नियमित भरता येईल अशी तिच्या आयुष्यातली ही पहिली मिळकत. आणि नेमकी तीच थांबवायची, कारण मिळकत नव्हती तेव्हा तिनं हप्ता भरला नाही.

हे गणित मी वर्गात घातलं तर मुलं म्हणतील, सर, प्रश्नातच चूक आहे.

प्रत्यक्षात काय घडतं तेही सांगतो. केज तालुक्यातली माझी एक विद्यार्थिनी, वडिलांचं तीन एकर सोयाबीन. इंजिनिअरिंगचं कर्ज थकलेलं. अलॉटमेंट आली, कागदपत्रं तपासताना सिबिल निघालं, आणि थकबाकी नसल्याचं पत्र आणायला थोडे दिवस मिळाले. मामाकडून काही आले, आईच्या गळ्यातलं काही गेलं, उरलेले गावातल्या सावकाराकडून शेकडा तीननं घेतले. शेकडा तीन म्हणजे महिन्याला. वर्षाचे ३६ टक्के. बँकेचं १० टक्क्यांचं कर्ज चुकतं करायला ३६ टक्क्यांचं कर्ज. सावकार सिबिलला कळवत नाही, त्यामुळे कागदावर सगळं स्वच्छ झालं आणि ती रुजू झाली. आज तिचा पतइतिहास आपल्या कलमाला पसंत पडेल असाच आहे. पहिल्या वर्षभराचा तिचा पगार कुठे गेला हे कुठल्याही अहवालात दिसत नाही. जिला मामा नव्हता आणि गळ्यात काही नव्हतं, तिची गोष्ट मी सांगत नाही. ती रुजूच झाली नाही.

हे सगळं अमेरिकेत करून झालं आहे, आपल्यापेक्षा कितीतरी कडकपणे, आणि तिथे ते बहुतेक मागे घ्यावं लागलं. ती हकिकत आपल्यासमोर नीट ठेवावी असं मला वाटतं, कारण ‘शिस्त लावायची तर कुठे तरी दुखलंच पाहिजे’ हा युक्तिवाद तिथेही होता.

अमेरिकेत नुसत्या डॉक्टर-वकिलांना नाही तर परिचारिका, शिक्षक, केस कापणारे, फिजिओथेरपिस्ट अशा शेकडो व्यवसायांना राज्याचा परवाना लागतो आणि ठरावीक मुदतीनं त्याचं नूतनीकरण करावं लागतं. परवाना गेला की त्या राज्यात ते काम करता येत नाही. १९९० मध्ये तिथल्या केंद्रीय शिक्षण खात्यानं राज्यांना सुचवलं की शैक्षणिक कर्ज बुडवणाऱ्यांचे व्यावसायिक परवाने, ते परतफेडीला लागेपर्यंत, रोखून धरा. राज्यांनी कायदे केले. पद्धत सोपी होती: कर्जाची हमी घेणारी संस्था थकबाकीदारांची यादी परवाना मंडळाकडे पाठवणार, मंडळ परवाना निलंबित करणार किंवा त्याचं नूतनीकरण अडवणार. साउथ डकोटात तर वाहन चालवायचा परवानाही अडवला जायचा, शिकारीचा आणि मासेमारीचासुद्धा. ज्या मुलखात दोन गावांमध्ये मैलोन्‌मैल कुरणं आहेत, तिथं गाडीविना कामावर जायचं कसं हे कायदा करणाऱ्यांनी सांगितलं नाही.

नोव्हेंबर २०१७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं याची झाडाझडती घेतली. तेव्हा असे कायदे १९ राज्यांत होते आणि परवाना गेलेली किंवा धोक्यात आलेली किमान ८,७०० प्रकरणं त्या बातमीदारांना सापडली. खरा आकडा त्याहून मोठा असणार, कारण अनेक मंडळं अशी नोंदच ठेवत नव्हती. सगळ्यात पुढे टेनेसी: २०१२ ते २०१७ या काळात तिथून ५,४०० हून अधिक लोकांची नावं परवाना मंडळांकडे धाडली गेली. यात परिचारिका होत्या. कर्ज काढून नर्सिंग शिकायचं, आजारपणात किंवा घरच्या अडचणीत हप्ते चुकायचे, मग नर्सिंग करायलाच बंदी.

यातली सगळ्यात विचित्र गोष्ट वेगळीच आहे. अमेरिकेत केंद्र सरकारचं शैक्षणिक कर्ज २७० दिवस थकलं की ते बुडीत धरतात, आणि त्यानंतर सरकारला कोर्टाची पायरी न चढता थेट मालकाला सांगून पगारातून कापून घेता येतं, हातात येणाऱ्या रकमेच्या १५ टक्क्यांपर्यंत. प्राप्तिकराचा परतावा वळता करून घेता येतो. दिवाळखोरीत इतर कर्जं सुटतात तसं हे कर्ज सहजी सुटत नाही, आणि केंद्राच्या कर्जाला मुदतबाह्य होण्याची भीतीही नाही. म्हणजे पगारातून वसूल करायचा हुकमी अधिकार हातात, आणि तरी काही राज्यांनी पगारच बंद करायचा मार्ग धरला. शून्याचे १५ टक्के किती होतात हे माझ्या वर्गातला नवखा मुलगाही सांगेल.

पुढे काय झालं? मोंटानानं २०१५ मध्येच आपला कायदा रद्द केला होता. २०१७ च्या बातमीनंतर रांगच लागली. २०१९ मध्ये टेक्सास आणि आयोवा, २०२० मध्ये फ्लोरिडा. ही तीन नावं मुद्दाम घेतो, कारण ही काही कर्जदारांचे लाड करणारी राज्यं म्हणून ओळखली जात नाहीत. तिथली विधिमंडळं रिपब्लिकन पक्षाच्या ताब्यात, राज्यपालही त्याच पक्षाचे. फुकट काही मिळू नये असं मानणाऱ्या लोकांनी हा कायदा काढून टाकला, कारण काम करणारा माणूस घरी बसवून पैसे वसूल होत नाहीत एवढा साधा हिशेब त्यांनी केला. २०१८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या एलिझाबेथ वॉरन आणि रिपब्लिकन पक्षाचे मार्को रुबिओ या दोन सिनेटरांनी मिळून, राज्यांना असे परवाने काढून घेण्यापासून रोखणारं विधेयक आणलं. ते संमत झालं नाही, पण ज्या दोघांचं एरवी फारसं कशावर जुळत नाही त्यांचं यावर जुळलं होतं.

आपण म्हणाल, परवाना वेगळा आणि आमची नोकरी वेगळी. अमेरिकेतल्या परिचारिकेला राज्यात कुठेच काम करता येत नव्हतं. आम्ही फक्त आमचं दार बंद करतो, बाकीचं जग मोकळं आहे. मुद्दा रास्त आहे, पण अर्धाच. सार्वजनिक बँका बारा. स्टेट बँक स्वतःची भरती करते, उरलेल्या अकरा आयबीपीएसमधून. अट सगळीकडे थोड्याफार फरकानं तीच, म्हणजे एक दार नाही, बाराही दारं एकदम बंद होतात. आणि तीन वर्षं ज्यानं फक्त याच परीक्षांचा अभ्यास केला, वयाची २८ वर्षांची मर्यादा ज्याच्या मानगुटीवर बसली आहे, त्याला ‘बाकीचं जग मोकळं आहे’ हे ऐकवणं सोपं आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो मी टाळणार नाही. बँकेत लोकांचा पैसा असतो. स्वतःचे व्यवहार ज्याला सांभाळता येत नाहीत त्याच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या कशा द्यायच्या? जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं याच विचारानं स्टेट बँकेची बाजू उचलून धरली. सर्कल बेस्ड ऑफिसर म्हणून निवड झालेल्या उमेदवाराची नेमणूक बँकेनं पतइतिहासावरून रद्द केली होती, ती न्यायालयानं कायम ठेवली. शिवाय बँकिंग नियमन कायदा, १९४९ चं कलम १० आहेच. दिवाळखोर ठरलेल्या, देणी थांबवलेल्या किंवा घेणेकऱ्यांशी तडजोड केलेल्या माणसाला बँकेनं नोकरीवर ठेवू नये असं ते सांगतं.

म्हणजे कायदा आपल्याकडे आहे, निकालही आपल्याकडे आहे. पण एखादी अट घालण्याची आपल्याला मुभा आहे, यावरून ती घालणं शहाणपणाचं आहे असं ठरत नाही. तिजोरीच्या किल्ल्यांचा प्रश्न प्रामाणिकपणाचा आहे. पगार चालू असताना पाच क्रेडिट कार्डं घासून पैसे बुडवणारा आणि अठराव्या वर्षी वडिलांच्या सहीसोबत सही करून कर्ज घेतलेली, अजून एक रुपयाही न कमावलेली मुलगी, या दोघांच्या अहवालात एकाच छापाची नोंद दिसते. अहवाल वाचणाऱ्यानं तरी फरक करायला हवा. पैसे असून न देणं आणि पैसेच नसणं यांतला भेद मोठ्या उद्योगांच्या बाबतीत आपण अगदी बारकाईनं करता. हेतुपुरस्सर कर्ज बुडवणाऱ्यांची वेगळी व्याख्या आहे, त्यांना बाजू मांडायची संधी आहे, समित्या आहेत. (इथे मी मल्ल्यांचं नाव घेणार अशी वाचकांची अपेक्षा असेल. नाही घेत. त्या तुलनेनं टाळ्या मिळतात, पण आमच्या मुलांना नेमणूक मिळत नाही.) तेवढी नाही, त्याच्या दशांश चौकशी एका लिपिकाच्या बाबतीत करा, एवढंच म्हणणं आहे.

तडजोडीचा विषय निघाला आहे तर आणखी एक. राष्ट्रीय लोकअदालतीच्या आधी थकीत कर्जदारांना बँकांच्या नोटिसा येतात: या, एकरकमी तडजोड करा, व्याजात सूट मिळेल. माणूस जातो, पैसे भरतो, सुटलो म्हणून घरी येतो. त्याच्या सिबिलवर खातं ‘क्लोज्ड’ नाही, ‘सेटल्ड’ (पूर्ण न फेडता मिटवलेलं) दिसतं, आणि तो शेरा त्याच्याविरुद्ध वाचला जातो. लोकअदालतीच्या मंडपात आपला अधिकारी ही गोष्ट त्याला सांगतो का? मी ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी कुणाला सांगितलेली नव्हती. एका हातानं तडजोडीला बोलवायचं आणि दुसऱ्या हातानं तडजोड केली म्हणून फाइल बाजूला सारायची, हे बरोबर दिसत नाही.

शैक्षणिक कर्जाची मूळ रचनाच आठवून पाहा. २००१ मध्ये आलेल्या आदर्श योजनेपासून चार लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण नाही, जामीनदार नाही. आईवडील सहकर्जदार एवढंच. २०२४ च्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी तारणाची अट त्याहूनही पुढे सैल केली आणि साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला ७५ टक्के हमी सरकारनं दिली. जमीन नाही, घर नाही, सोनं नाही, मग बँक पैसे कशाच्या भरवशावर देते? हे पोर शिकेल, कमावेल आणि त्यातून फेडेल, या भरवशावर. भावी कमाई हेच तारण. आता ती कमाई सुरू व्हायच्या क्षणी ती रोखणं म्हणजे आपल्याकडेच गहाण असलेल्या विहिरीत आपणच दगड टाकणं झालं.

आणि प्रश्न फार मोठ्या रकमेचाही नाही. सार्वजनिक बँकांच्या शैक्षणिक कर्जातलं थकीत प्रमाण २०२०-२१ मधल्या ७ टक्क्यांवरून २०२४-२५ मध्ये २ टक्क्यांवर आलं, असं सरकारनंच संसदेत सांगितलं आहे. मुलं फेडतात, महोदय. कोरोनाच्या वर्षांत अडली होती, नोकऱ्या मिळाल्या तशी फेडू लागली. नोकरी आणि परतफेड यांचा संबंध आपल्याच आकड्यांत दिसतो आहे.

आमच्याकडे खरिपाच्या तोंडावर दरवर्षी एक दृश्य असतं. राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्री बँकांना बजावतात की पीककर्जासाठी सिबिल विचारू नका, विचाराल तर गुन्हे दाखल करू. शाखांमध्ये ते किती पाळलं जातं हा वेगळा विषय. पण बापाच्या पेरणीच्या वेळी सिबिल आडवं येऊ नये हे निदान तत्त्वतः मान्य आहे. लेकीच्या नोकरीच्या वेळी आलं, तर त्यावर बैठक होत नाही.

मग करायचं काय? कलम सगळंच काढून टाका, असं मी म्हणत नाही. क्रेडिट कार्ड, वैयक्तिक कर्ज, फसवणूक यांसाठी ते राहू द्या. फक्त शैक्षणिक कर्ज त्यातून वेगळं काढा. ज्याचं शैक्षणिक कर्ज थकलं आहे त्याला रुजू होऊ द्या आणि रुजू होतानाच त्याच्याकडून लिहून घ्या, की हप्ता पगारातून परस्पर कापला जाईल. कर्ज आपल्याच बँकेचं असेल तर प्रश्नच नाही. दुसऱ्या बँकेचं असेल तर तिकडे वळतं करा, गृहकर्जाचे हप्ते आपण रोजच असे वळते करता. अमेरिकेत पगारातून कापून घ्यायचा जो अधिकार सरकारला कायद्यानं आहे, तो आपल्याकडे कर्मचाऱ्याच्या स्वखुशीच्या सहीनं मिळतो आहे. परिविक्षा काळ आहेच: सहा महिन्यांत परतफेड रुळावर आली नाही तर काय करायचं ते तेव्हा करा. आज जे आधी करता ते नंतर करा, एवढाच फरक.

थकबाकी भरली आहे पण नोंद बदललेली नाही, या कारणावरून तर कुणालाही एक दिवसही थांबवू नका. जानेवारी २०२५ पासून सिबिलसारख्या पतमाहिती संस्थांकडे निदान दर पंधरवड्याला माहिती पाठवायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तक्रार तीस दिवसांत सुटली नाही तर दिवसाला शंभर रुपये भरपाई ग्राहकाला द्यायची, हाही. उशीर बँकेचा आणि नोकरी उमेदवाराची, हे गणित तरी आपण मान्य करू नये. सिबिल तपासायचंच असेल तर अर्ज भरतानाच सांगा. मुलगा दोन वर्षं अभ्यास करतो, त्याच दोन वर्षांत थोडं थोडं भरून खातं नीट करेल. अलॉटमेंटनंतरच्या चार दिवसांत सावकाराशिवाय त्याच्यापाशी कुणी नसतं. आणि ‘सेटल्ड’ शेरा लोकअदालतीतल्या शैक्षणिक कर्जाचा असेल तर तो आपल्याच निमंत्रणावरून पडला आहे असं समजून चाला. कलम १० मधली तडजोडीची तरतूद अशा मुलांनाही लागू होते की नाही, याचा लेखी खुलासा वित्तीय सेवा विभागानं एकदा करून टाकावा. कारण शाखेतला अधिकारी घाबरतो तो या कलमाला, आणि घाबरलेला अधिकारी नेहमी ‘नाही’ असंच लिहितो.

शेवटी तीन आकडे मागतो. गेल्या पाच वर्षांत पतइतिहासावरून प्रत्येक सार्वजनिक बँकेनं किती उमेदवारांच्या नेमणुका रद्द केल्या, त्यांपैकी किती जणांचं थकलेलं कर्ज शैक्षणिक होतं, आणि नेमणूक रद्द झाल्यावर त्यांतली किती कर्जं पुढे वसूल झाली. तिसरा आकडा आपल्याकडे नसेल, तर तसंही कळवा. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज मी वेगळा टाकतोच आहे, पण उत्तर जाहीर दिलंत तर पुढच्या लिपिक भरतीचे अर्ज भरण्याआधी माझ्या वर्गातल्या मुलांना ते वाचता येईल.

आपला,
बँक परीक्षांचा एक शिक्षक
अंबाजोगाई, जि. बीड